माळाची सोयरीक

परभणी जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, जिंतूर तालुक्यात, सपाट काळी जमीन संपत येते आणि डोंगराच्या कडेचे बरड माळ सुरू होतात. तिथल्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव विचारू नका. नाव सांगितलं की शेजारच्या गावाला वाटतं, हे काही आपल्याबद्दल नाही.

गावाची ठेवण त्या भागात असते तशीच. वर माळ, म्हणजे गायरान. माळाच्या पायथ्याला बहात्तरच्या दुष्काळात मजुरांनी खोदलेला पाझर तलाव. त्याच्याखाली गावठाण आणि गावठाणाच्या कडेला जुनी दगडी बारव. चारठाण्याची, वालूरची किंवा पिंगळीची बारव ज्यांनी पाहिली असेल त्यांनी एवढी देखणी काही डोळ्यांपुढे आणू नये. साधी होती, पायऱ्या झिजलेल्या होत्या, पण एप्रिलमध्ये हापसे खडखड वाजू लागले की सगळं गाव तिच्याकडेच यायचं. बारवेच्या खाली काळी, काळीच्या खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे गावाची निम्मी रानं. ओढा पुढे पूर्णेला मिळतो, पूर्णा गोदावरीला.

ओढ्यापलीकडच्या रानांना जाणारी पाणंद होती काळ्या मातीची. काळ्या मातीतून पावसाळ्यात चालणं काय असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. चप्पल हातात, पायाला शेर-दोन शेर माती, आणि ट्रॅक्टर एकदा फसला की दुसरा आणून ओढायचा. सोयाबीन काढून शेतातच भिजत पडायचं. म्हणून पंचायतीनं ठरवलं की यंदा पाणंद मुरमानं भरून घ्यायची, आणि मुरूम कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. माळ होता. जेसीबी लावायचा, माळ उकरायचा, ट्रॅक्टरनं मुरूम वाहायचा. तहसीलची परवानगी काढली की झालं.

याच सुमारास गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीचा परिसराचा पाठ चालू होता आणि पाठाखाली नेहमीचा प्रश्न होता: संकल्पनाचित्र पूर्ण करा. आपल्याकडच्या प्रत्येक मुलानं ही चित्रं भरलेली आहेत. मधे एक गोल, त्याला चार रेघा, रेघांच्या टोकाला चार रिकामे गोल. पुस्तकातून चार शब्द शोधायचे, गोलांत बसवायचे, चार गुण घ्यायचे. मुलांनी तसंच केलं. मधल्या गोलात लिहिलं ‘आपलं गाव’ आणि भोवती माळ, तलाव, बारव, ओढा, काळी, पाणंद, बाभळी. सरपंचबाईंच्या पुतण्याचं चित्र सगळ्यांत सुरेख होतं. रंगीत पेनं वापरली होती, गोल वाटीनं काढले होते आणि एकही गोष्ट सुटलेली नव्हती.

गुरुजींनी ते चित्र फळ्यावर लावलं, बराच वेळ पाहिलं आणि एका रेघेवर बोट ठेवलं. “ही रेघ गाव आणि माळ यांच्यामधली. ही काय सांगते?”

“जोडते, सर.”

“जोडते म्हणजे काय करते?”

पोराला सांगता येईना. वर्गात कुणालाच येईना.

गुरुजींचा हट्ट बरोबर होता. ही पद्धत मुळात जिथून आली तिथं रेघेवर शब्द असतोच. 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञान कसं कळत जातं याचा अनेक वर्षं मागोवा घेत होते. मुलाखतींच्या कागदांचे ढीग झाले आणि त्यातून मुलाच्या डोक्यात काय बदललं ते दिसेना, तेव्हा त्यांनी ही आकृती काढली. गोलात कल्पना, दोन गोलांमध्ये रेघ आणि रेघेवर एखादं क्रियापद. गोल, रेघ, गोल असं सलग वाचलं की पूर्ण वाक्य झालं पाहिजे. वाक्य झालं तरच ते खरं की खोटं हे तपासता येतं. शिवाय सगळ्या आकृतीच्या डोक्यावर एक प्रश्न हवा. नाहीतर जगातली कुठलीही गोष्ट तिच्यात घुसडता येते. आपल्या वह्यांमध्ये यातले गोल आणि मुक्या रेघा तेवढ्या उरल्या. गुण देणाऱ्याची सोय झाली, एवढाच त्याचा फायदा.

“मग प्रश्न कोणता घ्यायचा, सर?” पुतण्यानं विचारलं. चित्र फळ्यावरून उतरवलं म्हणून तो जरा फुगलेला होता.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या घरी हापसा नव्हता, नळ नव्हता. रोज बारवेवर जाणारी ती. “सर, माळ खोदल्यावर बारवेला काही होईल का?”

“मला माहीत नाही,” गुरुजी म्हणाले. “मी या गावचा नाही. पण तुम्ही आहात. प्रश्न असा घेऊ: बारवेत पाणी कुठून येतं?”

उत्तरं धडाधड आली. जमिनीतून. तलावातून. ओढ्यातून. एका पोरानं सांगितलं, गंगेतून. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात आणि आमची बारव आतून गंगेला लागलेली आहे, असं सांगणारा एक तरी म्हातारा प्रत्येक गावात असतो. मुलं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘गंगा’ हा गोलही काढला आणि बारवेपर्यंत रेघ ओढली, पण तुटक.

“सगळ्याच रेघा आता तुटक,” ते म्हणाले. “ज्या रेघेला पाहिलेला माणूस मिळेल ती सलग करायची. जिला मिळणार नाही ती तुटकच राहील. पुसायची मात्र नाही.”

मुलं गावात पांगली.

पहिल्यांदा गेली एका म्हाताऱ्या सालगड्याकडे. ‘काळी, पाणी मुरवते, बारव’ असं वाक्य त्यांनी आधीच लिहून नेलं होतं. म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि मान हलवली. “मुरवती कशाची? उन्हाळ्यात काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस सगळा त्या भेगांत जातो. मग माती फुगती, भेगा मिटतात. एकदा मिटल्या की वरचं पाणी वरच राहतं, ओढ्याला पळतं. आत गेलेलं पाणी ती धरून बसती, खाली सोडत नाही लवकर. म्हणून तर थंडीत पावसाचा थेंब नसताना रब्बीची ज्वारी पदरात पडती.” मुलांनी वाक्य खोडलं. ‘काळी, पाणी धरते, ज्वारी’. बारवेकडची रेघ तुटकच राहिली. एका क्रियापदानं रेघेची दिशाच बदलली होती, आणि हे वर्गात बसून कुणाला सुचलं नसतं.

मग मेंढपाळ. तो सापडायला वेळ लागला, कारण तो गावात नसतोच. माळावर बाभळीखाली बसून त्यानं सांगितलं की पाऊस आला की खाली रानात डबकी साचतात, पण माळावर उभ्या पावसात बसलं तरी बऱ्याच वेळपर्यंत पाणी वाहत नाही. “जातंय कुठं म्हणावं तर आतच. पायाखाली मुरूम आहे. मेंढरं बसवायला माळच बरा म्हणतो ते काहून? चिखल होत नाही.” मुलीनं लिहिलं: ‘माळ, पाणी मुरवतो, …’ आणि पुढचा गोल रिकामा ठेवला. पाणी मुरतं हे मेंढपाळानं पाहिलं होतं. मुरून कुठं निघतं हे त्यानं पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं होतं बारवेवर धुणं धुणाऱ्या बायांनी. आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. “माळावर पडला आन् रानात नाही पडला, तरी चार-दोन दिवसांनी एक पायरी बुडती,” एक जण म्हणाली. “रानात कोसळला आन् माळ कोरडाच राहिला, तर बारव हालत नाही.” दुसरीनं भर घातली: ओढा गढूळ वाहत असतो तेव्हाही बारवेचं पाणी निवळच असतं. मुलांनी तिथंच पायरीवर बसून विचार केला आणि ओढ्याकडून येणाऱ्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘गढूळ नाही, म्हणून थेट नाही’.

तलावाची रेघ मात्र पुतण्या सोडायला तयार नव्हता. तलाव माळाच्या पायथ्याशी, बारव तलावाच्या खाली. पाझर तलाव खोदतातच त्यासाठी. तो चुकीचं बोलत नव्हता. पण ती मुलगी म्हणाली, “बारव तलावाच्या किती तरी आधीची आहे. तलाव नव्हता तेव्हा लोक काय पीत होते?” शेवटी तडजोड झाली. ‘तलाव, पाण्यात भर घालतो, बारव’. अशी भांडणं होणं हाच या पद्धतीचा खरा उपयोग आहे असं मला वाटतं. सुबक चित्रावर कुणी भांडत नाही.

शेवटचा माणूस विहिरी खोदणारा. या गावच्या शिवारातल्या बहुतेक विहिरींना त्याचे किंवा त्याच्या बापाचे हात लागलेले. त्यानं काडीनं जमिनीवर थर काढून दाखवले: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. “पाषाणात पाणी नसतं. चीर असली तर तेवढीच. पाणी मुरमात आन् मांजऱ्यात. आन् ह्या गावात कुठंही खोदा, पाझर फुटतो तो माळाकडच्या अंगानं. ओढ्याकडची कड कोरडी राहती.” भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात दख्खनच्या बेसाल्टबद्दल हेच लिहिलेलं असतं: झिजलेल्या आणि सच्छिद्र थरांत पाणी, सलग कठीण थरांत नाही. त्यानं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यातला दगड फोडला होता.

मुलीनं रिकामा गोल भरला आणि रेघ सलग केली. ‘माळ, पाणी मुरवतो, मुरूम. मुरूम, पाणी पोचवतो, बारव.’

एक मेला जिल्हा परिषदेच्या शाळांचा निकाल लागतो, झेंडावंदन होतं आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. सभा शाळेतच भरली. मुलांनी या सगळ्या गोलांचा आणि रेघांचा केलेला तक्ता भिंतीवर होता. पाणंदीचा विषय निघाला, मुरमाचा ठराव वाचून झाला आणि सही करायला वही फिरू लागली, तेव्हा गुरुजींनी त्या मुलीला उभं केलं. तिनं तक्ता वाचून दाखवला. फक्त वाक्यं वाचली, मत काही दिलं नाही.

सभेत कुजबुज झाली. एक तरुण म्हणाला, “खोदल्यावर खड्डा होईल, खड्ड्यात पाणी साचेल. उलट चांगलंच की!” विहीर खोदणारा मागं उभा होता. “खाली पाषाण उघडा पडला की पाणी साचंल, बरोबर आहे. साचंल आन् उन्हानं आटंल. मुरायला मुरूमच लागतो, आन् तोच तुम्ही पाणंदीवर टाकायलेत.”

धुणं धुणाऱ्यांतली एक म्हातारी भिंतीशी बसली होती. ती तक्त्याकडे पाहून म्हणाली, “सोयरीक जमवताना नुसती नावं सांगून भागत नाही बाबा, कोण कोणाचं काय लागतं ते सांगावं लागतं. गावात काय काय आहे हे आपल्याला ठाव होतं. माळ बारवेचं काय लागतो हे पोरांनी इचारलं म्हणून कळलं.”

गोष्टीचं तात्पर्य तेवढंच आहे, आणि बोधकथा लिहिणाऱ्यानं इथं थांबावं अशी रीत आहे. पण गाव तिथं थांबलं नाही.

ओढ्यापलीकडचा एक शेतकरी उठला. तो चिडलेला होता आणि त्याला चिडायचा हक्क होता. “तुमच्या तक्त्यात मी कुठं आहे? पावसाळ्यात माझ्या बापाला बाजेवर टाकून ओढ्यापर्यंत आणलं होतं. बारव वाचवा, पण आम्ही काय चिखलातच मरायचं?”

पोरं गप्प झाली. पाणंद हा गोल तक्त्यावर होता, त्यावर ‘मुरूम खाते’ एवढंच लिहिलेलं होतं. ओढ्यापलीकडं कुणी विचारायला गेलंच नव्हतं. चिखल होता म्हणूनच गेलं नव्हतं. गुरुजींनी खडू त्या शेतकऱ्याच्या हातात दिला. तो संकोचला, मग त्यानं पाणंदीपासून एक रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं, ‘माणूस दवाखान्यात पोचवते’. दुसऱ्या रेघेवर ‘माल बाजारात नेते’. तक्त्यावर आता दोन खऱ्या वाक्यांचे दोन बाण एकाच मुरमावर येऊन टेकले होते. गावाचा नकाशा, तो गट नंबरांचा, भूमी अभिलेखचा, हे कधी दाखवत नाही. त्यातली रेघ एकाचं रान दुसऱ्यापासून वेगळं करते, आणि भांडणासाठी ती लागतेही. पाणी आणि पाणंद दोन्हींना तिच्याशी देणंघेणं नसतं. भूगोलात कार्ल सॉअरनं 1925 साली भूदृश्याचा विचार मांडला तेव्हापासून अभ्यासक सांगत आले की जमिनीचं रूप माणूस आणि निसर्ग मिळून घडवतात. त्या भिंतीवर ते घडताना दिसत होतं, भांडणासकट.

सरपंचबाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, “मग आपल्या माळाला हात लावायचा नाही. माळाच्या पाठीमागचा उतार घेऊ. त्याचं पाणी आपल्या बारवेत येत नाही.” टाळ्या पडल्या. वही पुन्हा फिरू लागली.

मेंढपाळ त्या दिवशी सभेला आला होता, कारण त्याची नात पाचवीत पास झाली होती. तो दारातूनच बोलला. “त्या उताराचं पाणी पलीकडच्या गावाच्या विहिरीत जातं. मी उन्हाळ्यात मेंढरं तिथंच पाजतो.”

तक्ता गावाच्या शिवेवर संपला होता. कागदच तेवढा होता. पुतण्यानं काही न बोलता दप्तरातून दुसरा कागद काढला, डिंकानं पहिल्याला जोडला आणि त्यावर एक गोल काढला. शेजारच्या गावची विहीर. वाटी नव्हती, त्यामुळं गोल वाकडा आला.

मग बराच वेळ गेला. शेवटी ठरलं ते कुणालाच पूर्ण आवडलं नाही. शिवारात यंदा शेततळी आणि दोन नव्या विहिरी व्हायच्या होत्या. त्यांतून निघणारा मुरूम शेतकऱ्यांनी बांधावर न टाकता पाणंदीला द्यायचा. तेवढ्यात पाणंद ओढ्यापर्यंतच भरणार होती. पलीकडचा तुकडा पुढच्या साली. ओढ्यापलीकडचा शेतकरी सही करताना म्हणाला, “पुढच्या साली म्हणजे पुढच्याच साली, लिहून ठेवा.” सरपंचबाईंनी ते ठरावात लिहून घेतलं. गंगेची रेघ तक्त्यावर तुटकच राहिली आणि ती कुणी पुसली नाही.

तुमच्या गावातही मुरमाचा, वाळूचा किंवा गायरानाचा ठराव येईल. येतोच. सहीची वही तुमच्यापर्यंत आली की एक प्रश्न विचारा: इथलं पाणी कोणाच्या विहिरीत जातं? ज्याला याचं उत्तर माहीत असतं तो माणूस बहुतेक वेळा सभेत नसतो. तो मेंढरांमागं असतो, नाहीतर ती बाई धुणं घेऊन पाण्यावर गेलेली असते. वही खाली ठेवा आणि आधी त्यांना बोलावून आणा.